रानमांजराचा ओरखडा आणि अठ्ठावीस दिवस

रविवार, १२ जानेवारी २०२५. भोगावतीकाठी आमचा आडसाली ऊस तुटत होता. साडेदहाच्या सुमाराला फडातून ओरडा झाला, "बिबट्याची पिल्लं!" आणि टोळीचे कोयते जागच्या जागी थांबले. पाचटाखाली तीन पिल्लं होती, डोळे उघडलेली, ओंजळीत मावतील एवढी.

ती बिबट्याची नव्हती. बिबट्याच्या पिलाच्या अंगावर दाट काळे ठिपके असतात आणि शेपूट लांब असतं. ही मातकट रंगाची, पायांवर पुसट पट्टे, आखूड शेपटीचं टोक काळं. रानमांजराची. ऊसपट्ट्यात तोडीच्या हंगामात अशी पिल्लं कुठे ना कुठे सापडतात आणि आधी ती बिबट्याचीच ठरतात. ट्रॉली त्याच बाजूनं वळणार होती, म्हणून मी एक पिल्लू उघड्या हातानं उचललं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन दात लागले आणि मनगटावर एक ओरखडा उठला. रक्त किती, तर टाचणी टोचल्यावर येतं तेवढं.

अशा चाव्यातून रेबीज होऊ शकतो. तो टाळायला पुढचे अठ्ठावीस दिवस काय करावं लागलं, कुठे थांबावं लागलं आणि काय चुकलं, ते तारखेवार लिहिते आहे. मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे युनिट आणि मिलीची आकडेमोड मला परकी नाही. तरीसुद्धा पहिल्या दिवशी एका शब्दापायी माझा उपचार निम्माच झाला होता.

आधी धुण्याबद्दल. मुकादमानं चुन्याची डबी पुढे केली, "ताई, चुना लावा, सगळं ओढून घेतंय." कुणी हळद सुचवली, कुणी तंबाखूचं पाणी. यातलं काहीही लावायचं नाही. चुना आणि मिरची कातडी भाजतात, जखम आणखी उघडी पडते. मोटार चालू होती. पाइपाच्या धारेखाली हात धरला आणि मोबाइलवर पंधरा मिनिटांचं घड्याळ लावलं. घड्याळ लावायचंच, कारण अंदाजानं धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो. मलाही सहाव्या मिनिटाला वाटलं की झालं. साबण कपड्याचा होता. कपड्याचा, भांड्यांचा, अंगाचा, कुठलाही चालतो. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. धार थेट जखमेवर हवी, बादलीत हात बुडवून उपयोग नाही. जखम घासून रक्त काढायचं नाही. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावलं आणि जखम उघडी ठेवली. पट्टी नाही. अशा जखमेला टाकेही शक्यतो घालत नाहीत. घालायचेच झाले तर सीरम, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिद्रव्यं, जखमेत भरल्यानंतर, तेही सैल.

तोवर दादानं वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावला होता. वनरक्षक सव्वाबाराला पोचले. त्यांनी चामडी हातमोजे घालून पिल्लं एका भाजीच्या क्रेटमध्ये ठेवली, क्रेट आडवा करून सापडल्या जागीच ठेवला आणि त्या बाजूची तोड थांबवली. आई पिलांना माणसाचा वास लागला म्हणून टाकत नाही, पण माणसांची वर्दळ असेल तर ती येत नाही. रात्री नऊच्या आत तिनं दोन नेली, पहाटेपर्यंत तिसरंही. दूध पाजायला कुणी धावलं नाही, हे बरं झालं. गाईम्हशीच्या दुधानं या पिलांना हगवण लागते.

मी त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पावणेबाराला पोचले. रविवार असल्यामुळे ओपीडी बंद, पण सिस्टर हजर होत्या आणि फ्रिजमध्ये लस होती. "काय चावलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मांजराचं पिल्लू, शेतातलं. थोडं खरचटलंय." लॅबमध्ये रोज दुसऱ्यांचे फॉर्म अर्धवट भरले म्हणून मी चिडते, आणि स्वतःची माहिती अशी दिली. केसपेपरवर लिहिलं गेलं: मांजर, ओरखडा, कॅटेगरी दोन.

मग पन्नास मिनिटं थांबले. तिथे लस कातडीत देतात. एका वेळी ०.१ मिली, दोन्ही दंडांवर एकेक. म्हणजे एका माणसाला ०.२ मिली लागते आणि कुपी त्याहून मोठी असते. एकदा पातळ केलेली कुपी थंड ठेवूनही सहा ते आठ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. म्हणून आणखी दोघं येतात का ते सिस्टर पाहत होत्या. कारण समजण्यासारखं आहे. पण तासाभरात कुणी आलं नाही तर "माझ्यासाठी उघडा" असं सांगण्यात संकोच करू नये. चावलेल्या माणसाला उद्या ये म्हणणं नियमात बसत नाही.

कातडीतल्या सुईची एक खूण लक्षात ठेवा. सुई बाहेर आली की तिथे संत्र्याच्या सालीसारखा, बारीक छिद्रांचा, मसुराच्या डाळीएवढा फुगवटा दिसला पाहिजे. माझ्या उजव्या दंडावर तो आला, डाव्यावर आलाच नाही. म्हणजे औषध कातडीखाली उतरलं. अशा वेळी शेजारी पुन्हा एक डोस द्यायचा असतो. सिस्टरना दाखवल्यावर त्यांनी लगेच दिला. धनुर्वाताचं इंजेक्शनही तिथेच झालं. पैसे शून्य.

रात्री जेवणानंतर केसपेपर नीट वाचला. खाली एक ओळ होती: जनावर दहा दिवस नजरेखाली ठेवावे. कुठलं रानमांजर मी दहा दिवस नजरेखाली ठेवणार होते?

सगळी गोम इथे आहे. चावा किंवा ओरखडा यांच्या तीन कॅटेगऱ्या असतात. पहिली, धड कातडीला नुसतं चाटणं किंवा हात लागणं. त्यात धुण्यापलीकडे काही करायचं नाही. दुसरी, रक्त न येता कातडी किंचित खरचटणं. धुणं आणि लस. तिसरी, कातडी फाटून रक्त येणं, जखमेवर किंवा डोळ्यातोंडात लाळ जाणं; धुणं, लस आणि जखमेत सीरम. दहा दिवस नजर ठेवण्याची सवलत फक्त कुत्र्यामांजरांना आहे. त्यांच्या लाळेत विषाणू उतरल्यावर ती दहा दिवसांत आजारी पडून मरतात, हे नीट अभ्यासलेलं आहे. रानातल्या प्राण्यांबद्दल अशी खात्री देता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्याचा चावा, कितीही लहान असला, तरी थेट तिसऱ्या कॅटेगरीत जातो. खरं म्हणजे माझ्या अंगठ्यातून रक्त आलं होतं, तेव्हा पाळीव मांजर असतं तरी कॅटेगरी तीनच ठरली असती. मी "खरचटलंय" म्हटलं आणि "रान" म्हटलं नाही. सीरम राहिलं.

एवढ्याशा पिलाला रेबीज असण्याची शक्यता कमीच, हे मलाही कळत होतं. पण पिल्लं आईकडे परत गेली होती, तपासायला काही उरलं नव्हतं. आणि हा आजार लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ शंभर टक्के जीव घेतो. हाताला नसांची टोकं दाट असतात, त्यामुळे हात आणि चेहरा यांवरच्या जखमांतून विषाणू पायावरच्या जखमेपेक्षा लवकर मेंदूकडे पोचू शकतो. लसीनं शरीरात प्रतिद्रव्यं तयार व्हायला आठ-दहा दिवस तरी जातात. मधल्या दिवसांची सोय म्हणजे सीरम. ते पहिल्या दिवशी लसीबरोबरच द्यावं. राहिलं तर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं सुरू झालेली असतात. माझ्या हातात सहा दिवस होते. झोप मात्र लागली नाही.

सोमवार, १३ जानेवारी. सकाळी वनरक्षकांना फोन करून कालच्या नोंदीची प्रत मागितली. नुकसानभरपाईचा विषय निघाला. ती ठरावीक प्राण्यांसाठी असते: बिबट, गवा, रानडुक्कर, अस्वल, तरस, लांडगा, कोल्हा वगैरे. रानमांजर त्यांच्या यादीत नव्हतं, त्यामुळे मला काही मिळणार नव्हतं. पण कागद हवा होता तो दुसऱ्या कामासाठी. त्यावर "रानमांजराची तीन पिल्ले" असं स्पष्ट लिहिलेलं होतं, सही आणि शिक्का होता. यादीतल्या प्राण्यानं चावा घेतला असेल तर त्याच दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या, आणि दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी जपा.

पावणेनऊला कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचले. केसपेपरच्या खिडकीवर चाळीस मिनिटं, मग कुत्रा चावलेल्यांच्या खोलीबाहेर दीड तास. सगळे तिला कुत्र्याचीच खोली म्हणतात, पण त्या बाकावर बसून कळतं की कोल्हापूर जिल्ह्यात माणसाचा हात कुठे कुठे पोचतो. पन्हाळ्याच्या बाजूचा एक मुलगा वानरानं पिशवी ओढताना ओरखडला होता. वानरही वन्यप्राणीच, कॅटेगरी तीन. एका आजींचा पाय मुंगसानं धरला होता. तेही तसंच. एका दुकानदाराला घरातल्या उंदरानं बोट चावलं होतं. त्याला लस सहसा लागत नाही, फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जखमेची काळजी. पण उंदराच्या मुताच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची माहिती त्याला डॉक्टरांनी नीट दिली. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावाला लेप्टो नवा नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते राधानगरीकडच्या एका मामांनी. त्यांना काही चावलंच नव्हतं. म्हैस दोन दिवस वैरण खात नव्हती, तोंडातून लाळ गळत होती. घशात काही अडकलं असेल म्हणून त्यांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. म्हैस चौथ्या दिवशी मेली, आणि मग शेजाऱ्यानं सांगितलं की महिन्यापूर्वी गोठ्यात कोल्हा शिरला होता. मामांच्या बोटांना विळ्याचे बारीक काप होते. कापावर लाळ, म्हणजे कॅटेगरी तीन. त्यांना प्रश्न दुधाचा पडला होता, "घरातल्या सगळ्यांनी पिलंय की वं." तापवलेल्या दुधातून रेबीज होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरायचा थांबला. जनावर खात नाही, लाळ गाळतं, विचित्र हंबरतं, मागचे पाय लटपटतात, असं असेल तर तोंडात हात घालायचा नाही. पशुवैद्यकांनासुद्धा हातमोज्यांशिवाय घालू द्यायचा नाही.

साप, सरडा, घोरपड, कासव, पक्षी यांच्यामुळे रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे. पण कासव हाताळून हात न धुता जेवलं तर साल्मोनेला जंतूची हगवण लागू शकते, आणि पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा ताप येऊ शकतो. मेलेला कावळा किंवा कोंबडी तर उघड्या हातानं उचलूच नये. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. वटवाघळाला हात लावण्याबाबत तर माझा सरळ नकार आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिद्रव्यं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळली होती, तो अहवाल २०२१ साली आला. तिथल्या माणसांत आजार पसरला असा त्याचा अर्थ नाही. पण घरात शिरलेलं वटवाघूळ टॉवेलनं पकडण्याची हौस कशाला?

अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर आला. डॉक्टर मॅडमनी आरोग्य केंद्राचा केसपेपर पाहिला आणि "दुसरा डोस परवा, आज का आलात?" असं विचारलं. मी वनरक्षकांचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, माझा अंगठा दाबून पाहिला, आणि जुन्या केसपेपरवरच्या "मांजर" या शब्दाआधी निळ्या पेननं "रान" घातलं, दोनाचे तीन केले आणि बाजूला सही केली. दहा सेकंदांचं काम.

आता सीरमचा हिशेब, कारण तो सगळ्यांना कोड्यासारखा वाटतो. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं दर किलोला २०. माझं वजन ५८ किलो. घोड्याचं घेतलं तर ५८ गुणिले ४०, म्हणजे २,३२० युनिट. एका मिलीत ३०० युनिट असतात, म्हणजे जास्तीत जास्त पावणेआठ मिली. हा आकडा वरची मर्यादा आहे, तेवढं टोचायचंच असतं असं नाही. सीरम जखमेत आणि जखमेच्या कडेनं भरायचं असतं, मावेल तेवढंच. अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर मिळून माझं दीड मिलीच्या आसपास बसलं. उरलेलं दंडात किंवा मांडीत टोचायची पूर्वी पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ पासून जखमेपुरतंच द्यायला सांगितलं आहे, कारण लांबच्या स्नायूत दिलेल्या सीरमचा जखमेतल्या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही. उरलेलं त्याच दिवशी, निर्जंतुक पद्धतीनं, दुसऱ्या रुग्णाला वापरता येतं. माझ्या कुपीतलं मामांच्या बोटांना गेलं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं प्रयोगशाळेत बनवलेलं मोनोक्लोनल प्रतिद्रव्यही २०१७ पासून मिळतं. त्याची मात्रा दर किलोला ३.३३ युनिट आणि घोड्याच्या सीरमसारखी ॲलर्जीची धास्ती त्यात नसते. जिथे जे उपलब्ध असेल ते घ्यावं. माणसाच्या सीरमसाठी सहा दिवस वाट पाहणं हा शहाणपणा नव्हे. खासगी दुकानातून माणसाचं सीरम घ्यायचं ठरवलं असतं तर ५८ किलोला ११६० युनिटपर्यंत लागलं असतं आणि बिल अनेक हजारांत गेलं असतं. सरकारीत सगळं मोफत.

दुखतं का? हो, खूप दुखतं. हाताच्या तळव्याजवळ मांस घट्ट असतं, औषधाला जागा नसते. दात आवळून बसले होते. मुलांना आणताना ही कल्पना देऊन आणावं, "मुंगी चावल्यासारखं" सांगू नये. पुढच्या वेळी ती तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. बोटाच्या टोकाला जखम असेल तर फार दाबून भरायचं नसतं, रक्तपुरवठा अडतो. माझ्यानंतरच्या मुलाच्या बोटाला डॉक्टरांनी अगदी थोडं थोडं भरलं. सीरम आणि लस एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी कधीच देत नाहीत. घोड्याच्या सीरमनंतर ॲलर्जी उठली तर म्हणून अर्धा तास तिथेच बसवलं, त्यावर द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन ट्रेमध्ये तयार ठेवलं होतं. एक वाजून वीस मिनिटांनी बाहेर पडले. मांजराचे दात अरुंद आणि लांब असतात, जंतू खोल नेऊन वरून कातडी मिटून जाते. म्हणून पाच दिवसांचं प्रतिजैविक लिहून दिलं होतं. त्याचे दोनशे दहा रुपये, पेट्रोल दोनशे. दिवसाचा खर्च एवढाच.

घरी येऊन कालनिर्णयावर खुणा केल्या. एका पिलाकडून काय काय येऊ शकतं आणि ते कोणत्या दिवसांत दिसतं, त्याच्या खुणा. मांजराच्या तोंडातल्या पाश्चुरेला जंतूचा संसर्ग चोवीस तासांत लाल सूज आणि ठणका घेऊन येतो. ती मुदत संपून गेली होती, तरी बुधवारपर्यंत नजर ठेवली. पिलाच्या कानामागे गोचिडी दिसल्या होत्या, म्हणून पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर गोचिडीचं आणि उसात लागणाऱ्या बारीक किड्यांचं डॉक्टरांना सांगायचं. किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये चाव्याच्या जागी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली लपते, म्हणून कपडे काढून पाहावं लागतं. माकडतापाचीही आठवण झाली. तो १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१६ मध्ये घाटाखाली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो गोचिडीतून येतो. जंगलात मेलेलं माकड दिसलं की त्याच्या जवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वनविभागाला कळवायचं, ते त्यासाठीच. आमची नदीकाठची काळी रानं त्या पट्ट्यात येत नाहीत, पण आजरा-चंदगडकडे काजू गोळा करायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल, मीठ, पेटती काडी यांनी तो आणखी लाळ सोडतो.

वहिनीला सातवा महिना होता. तिला क्रेट आणि पाचटाची जागा साफ करू दिली नाही. मांजरवर्गाच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जातो, आणि तो गर्भाला बाधतो. आबांनी हातमोजे घालून क्रेट धुतला आणि उन्हात टाकला.

बुधवार, १५ जानेवारी. तिसरा दिवस. दिवस मोजताना पहिल्या डोसचा दिवस शून्य धरतात, चाव्याचा नव्हे. कातडीतल्या लसीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. स्नायूत देतात तिथे चौदावाही असतो. ती पूर्ण कुपी दंडात देतात, कुल्ल्यावर कधीच नाही. चरबीत गेली तर नीट लागू पडत नाही. खासगीत एका कुपीला तेव्हा साडेतीनशे-चारशेच्या घरात पडत होते. आदल्या दिवशी संक्रांत झाली होती. "किंक्रांतीला कुठं सुई टोचून घेतीस," असं आई म्हणाली. विषाणूला पंचांग कळत नाही एवढंच म्हणाले आणि निघाले. वीस मिनिटांत काम झालं.

पथ्याचं विचारणारे फार भेटले. काही पथ्य नसतं. अंडी, मटण, तांबडा-पांढरा, तेलकट, सगळं चालतं. स्टेरॉइड किंवा मलेरियावरचं क्लोरोक्विन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं, लसीचा जोर कमी होऊ शकतो. गरोदर बाईनंही लस आणि सीरम दोन्ही घ्यायचं, थांबायचं नाही.

रविवार, १९ जानेवारी. सातवा दिवस. इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली. शून्य, सात, चौदा, अठ्ठावीस. पहिला डोस ज्या वारी, त्याच वारी हे सगळे येतात. माझा पहिला रविवारी, म्हणून सातवाही रविवारी आणि शेवटचाही रविवारी, ९ फेब्रुवारीला. रविवारी ओपीडी बंद. आरोग्य केंद्रात फोन केला तर लस संपली होती. मोठ्या रुग्णालयात अपघात विभागातून मिळाली, पण पावणेदोन तास गेले. पहिल्याच दिवशी चारही तारखा आणि वार लिहून घ्या, आणि "रविवारी कुठे मिळेल" हे त्याच वेळी विचारून ठेवा. एक-दोन दिवस पुढे गेलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस मिळेल तेव्हा घेऊन पुढे चालू ठेवायचं. पण सुरुवातीच्या तीन डोसांत शक्यतो दिरंगाई नको.

२१ तारखेला दंडावर खाज सुटली. पाण्याची घडी ठेवून ती शमवली. घोड्याच्या सीरमनंतर एक-दोन आठवड्यांत अंगभर पित्त उठून सांधे दुखू लागले तर ती सीरमची प्रतिक्रिया असू शकते, ते दाखवायला हवं. माझं तसं नव्हतं.

२९ तारखेला डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. त्या रात्री पोटात गोळा आला, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी तपासली. पिलांच्या नखांतून जाणाऱ्या बार्टोनेला जंतूमुळे दोन-तीन आठवड्यांनी अशी गाठ येते. तो जंतू पिसवांमधून पिलांत पोचतो. धडधाकट माणसात बहुधा आपोआप जाते. ताप नव्हता, गाठ मऊ होती, म्हणून औषध न देता दोन आठवडे थांबायचं ठरलं. गाठ दाबून बघायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी दिवसातून दहा वेळा दाबत होते. १० फेब्रुवारीनंतर ती कमी होत गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी. अठ्ठाविसावा दिवस, शेवटचा डोस. या वेळी शनिवारीच फोन करून लस असल्याची खात्री केली होती, पस्तीस मिनिटांत बाहेर. महिन्याचा सगळा खर्च साडेनऊशे रुपये, त्यातला बराचसा पेट्रोलचा, आणि अडीच दिवसांची रजा.

हा पूर्ण झालेला कोर्स पुढे उपयोगी पडतो. तीन महिन्यांच्या आत पुन्हा चावा झाला तर जखम धुणं पुरतं. त्यानंतर झाला तर शून्य आणि तीन या दिवशी दोनच डोस, सीरम नाही. मात्र कागद दाखवता आला पाहिजे, तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. रानात वारंवार हात घालणाऱ्यांनी, म्हणजे वनमजूर, सर्पमित्र, पशुधन पर्यवेक्षक यांनी, चावा होण्याआधीच लस घेतलेली बरी: शून्य, सात आणि एकवीस किंवा अठ्ठावीस. आमच्याकडे आलेल्या वनरक्षकांनी ती घेतली होती. दादानं गोठ्याच्या खुंटीला चामडी हातमोज्यांची जोडी, एक साबण आणि रिकामा क्रेट अडकवून ठेवला आहे. खोडव्याची तोड पुढच्या हंगामात.

केसपेपर प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आधारकार्डाबरोबर ठेवला आहे, आणि फोटो फोनमध्ये. शेवटच्या डोसची नोंद करताना सिस्टरनी मान वर न करता विचारलं, "मांजर ना?"

"रानमांजर," मी म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं.